निळ्या छपराचा देव्हारा

आमच्या सूनबाईंना, रिनला, कलेतलं फार कळतं. म्हणून रविवारी तिने मला बँकॉकबाहेरच्या कलासंग्रहालयात नेलं. बागेत गंजके पत्रे उभे केलेले, त्यांना शिल्प म्हणायचं! मी नाक मुरडतच फिरले.

पुढे हिरवळीवर जागेवाल्यांचे, म्हणजे घरादाराची जागा राखणाऱ्या देवांचे, मोडके देव्हारे रचलेले दिसले. असा मोडका देव्हारा आम्ही थाई लोक कचऱ्यात टाकत नाही. घरावरची पीडा त्याच्याबरोबर जावी म्हणून देवळामागच्या पिंपळाखाली ठेवतो आणि मागे न बघता परततो.

"हे कुठून आणले गं?"

"कलाकाराने पिंपळाखालून गोळा केले, आई. 'विस्मृती' नाव आहे ह्या शिल्पाचं."

"उचलेगिरी म्हणतात ह्याला."

"तुम्हाला नाही कळायचं!" ती हसली. "ह्यातलाच एक आम्ही नव्या घरासाठी घेतलाय. तो बघा, निळ्या छपराचा, जळका. तुमच्या लेकानेच पसंत केला."

छपराला तो निळा रंग आमच्या ह्यांनी दिला होता. आमच्या दुकानाला आग लागली, त्यात ते गेले. त्यानंतर हा देव्हारा पिंपळाखाली नेताना एक बाजू मी धरली होती आणि दुसरी माझ्या लेकाने.