पहिलं पीक

मार्थाबाई चर्चमधल्या हंगामाच्या सणाला रिकामी टोपली घेऊन वेदीपर्यंत आल्या, तेव्हा दान पुकारणारे पंच अडखळले. भोपळे, बाजरीची कणसं, अंडी, अगदी पाय बांधलेली कोंबडीसुद्धा पुकारून झाली होती. रिकामी टोपली कशी पुकारायची?

एकोणतीस वर्षांपूर्वी ह्याच टोपलीला सगळी मंडळी हसली होती. जो तो शेतातलं पहिलं पीक आणत होता. लोकांच्या रानात खुरपायला जाणाऱ्या मार्थाबाईंनी आपली दोन महिन्यांची लेक टोपलीत घालून भोपळ्यांच्या रांगेत ठेवली. "देवानं मला हेच पीक दिलंय. त्याचं त्याला." म्हातारे पाळक तेवढे हसले नाहीत. त्यांनी पोरीवर हात ठेवून आभाराची प्रार्थना केली. उपासना संपल्यावर बाई टोपली उचलू लागल्या, तसे ते म्हणाले, "दिलेलं दान परत नेता काय?"

"अंगावर पिती आहे अजून. वाढवून आणून देते की."

आज ती लेक पांढऱ्या झग्यात वेदीपाशी उभी होती. पाळक म्हणून तिचा हा पहिलाच हंगाम. पंचांनी हळूच विचारलं, "बाई, काय पुकारू?"

"पुकारा, कबूल केलेलं दान मार्थाबाईनं पोचतं केलं."

लेकीला हसू आवरेना. पायरी उतरून तिनं टोपली हातात घेतली. "आई, मी आता ह्यात मावायची नाही गं."

मार्थाबाईंनी पदर सारखा केला आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "म्हणून तर रिकामी आणली, पाळकबाई!"