दाब कुठं जातो

शेखलालने मोटार बंद केली, घरातले सगळे नळ बंद करायला लावले आणि विहिरीजवळच्या प्रेशर टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघत उकिडवा बसला. काटा थोडा वेळ जागेवर राहिला, मग खाली सरकायला लागला.

“ताई, वरचा नळ चालू राहिलाय का?”

“न्हाई मामा. सगळे बंद केलेत,” सुषमा म्हणाली आणि शेवग्याच्या झाडाकडं बघायचं तिने टाळलं.

त्याला कारणही तसंच होतं. विहिरीपासून घरापर्यंत जमिनीखालून जी लाईन आली होती, तिला शेवग्याच्या बुडाशी सुषमाने गुपचूप एक फाटा काढला होता. कुंपणाखालून तो थेट चुलतसासरे सोपानराव यांच्या हौदात जात होता.

आणि सोपानरावांना पाणी द्यायचं नाही, अशी सासऱ्यांची, गेणबाआबांची, शपथ होती. साधी नाही, भंडारा उचलून घेतलेली. आबा दवाखान्यात असताना सोपानरावांनी दोघांच्या सामाईक मेंढरांचा कळप न विचारता विकून टाकला, तेव्हापासून सख्ख्या भावांचं तोंड बघणं बंद. पुढं सोपानरावांची बोअर आटली, तरी आबा हलले नाहीत. भंडारा उचलून बोललेला शब्द हा माणूस फिरवील का? वडगाव रासाईत कुणालाही विचारा.

पण पलीकडं कुशाबाई, सोपानरावांची बायको, दुखऱ्या गुडघ्यांनी लांबून हंडे वाहायची आणि ते बघून सुषमाला घास गिळवत नव्हता. भाऊबीजेला केडगावहून भाऊ आला तेव्हा तिने ओवाळणीत साडी घेतली नाही. हा फाटा मागून घेतला. आबा जेजुरीला गेले होते, तेवढ्यात भावाने काम उरकलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. शिमग्याला ती माहेरी जाऊन आली आणि वरच्या मजल्यावरचा दाबच गेला. शॉवरमधून धार पडेना. तिचा नवरा सुरज, रांजणगावच्या कंपनीतून घामाघूम होऊन येणारा माणूस, बादली घेऊन जिना चढायचा आणि चिडायचा. शेवटी त्याने फर्मावलं, आज शेखलालला दोष सापडला नाही तर रविवारी जेसीबी आणून सगळी लाईन उकरायची.

सुषमाने परवाच फाट्याचा कॉक बंद करून टाकला होता. कुशाबाईने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. शहाणी बाई, समजून घेतलं, असं सुषमाला वाटलं.

मग काटा का खाली येत होता? तो मेला कॉकच गळत असणार, दुसरं काय.

शेखलाल तळेगावचा, पंप दुरुस्तीत मुरलेला. त्याने टाकीच्या पुढचा कॉक बंद केला. काटा जागचा हलला नाही. उघडला, पुन्हा घसरण सुरू.

“टाकी चांगली हाय, मोटार चांगली हाय,” तो म्हणाला. “पाणी मधल्या लाईनीतनं जातंय. खणावं लागंल, आबा.”

बाजेवर बसलेले आबा मघापासून तंबाखू मळत होते.

“खणून काय सोनं निघणार हाय?” ते म्हणाले. “वर पाणी चढत नसंल तर खाली आंघोळ करावी. आमी जन्मभर विहिरीवरच केली.”

“सुरजदादांचा फोन आला हुता. रविवारी जेसीबी आणतो म्हणत्यात.”

आबांनी तंबाखू तोंडात टाकली.

“मग असं कर,” ते म्हणाले. “पेरूच्या अंगाला कुदळ लावू नको. बहार धरलाय त्यानं. शेवग्याच्या बाजूनं खण.”

आख्ख्या परसात म्हाताऱ्याला नेमकी तीच जागा सुचावी.

“आबा, तिथं माझी कोथिंबीर लावलीय.”

“कोथिंबीर परत लावता येती.”

शेखलालने कुदळ मारली. माती भुसभुशीत होती, भराभरा निघत होती. सुषमा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून आबांनी तिला कधी सून म्हणून हाक मारली नव्हती, पोरी म्हणायचे. चहा तिच्याच हातचा लागायचा. आता हा माणूस आपल्याशीही भावासारखंच बोलणं तोडणार, या विचारानं तिला रडू यायला लागलं. पण कुदळीनं उघडं पाडण्यापेक्षा आपल्या तोंडानं सांगितलेलं बरं.

“मामा, थांबा जरा.”

शेखलाल थांबला.

“आबा, खाली फाटा हाय. मी काढून घेतलाय. कुशा आत्यांचे हाल बघवंनात मला. तुमची शपथ मोडली मी. काय बोलायचं ते बोला, पण ह्यांना यातलं काय ठावं न्हाई.”

आबा बाजेवरून उठले. खड्ड्यापाशी आले, वाकून बघितलं. मातीत निळ्या कॉकची मूठ दिसत होती.

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं. परवा बंद केलाय.”

“आन् कुशी काय बोलली न्हाई?”

“न्हाई.”

आबांनी कुंपणापलीकडं नजर टाकली. कुशाबाई म्हशीला पाणी पाजत होती. तिचा हौद काठोकाठ भरलेला होता.

“लई आतल्या गाठीची बाई हाय,” ते पुटपुटले. मग शेखलालकडं वळले.

“माती बाजूला लोट. पोरीचा चालू कर आन् पेरूखालचा माझा बंद कर. एका हौदाला दोन लायनी कशाला पायजेत?”