तीन महिन्यांचा गुण

वीस वर्षं कपडे बेतून ताईंची बोटं बधिर व्हायला लागली, तेव्हा त्या शिवणाच्या दुकानाची मालकीण असलेली त्यांची वहिनीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. मनगटात स्टेरॉइडची सुई शिरताना तिने ताईंचा दुसरा हात घट्ट धरला आणि विचारलं, "याचा गुण किती दिवस टिकेल?"

"तीनेक महिने," डॉक्टर म्हणाले.

अशी वहिनी नशिबाने मिळते, असं ताई भेटेल त्याला सांगत सुटल्या. हात मोकळा होताच, तिने मागितले तसे सगळ्या मापांचे कागदी नमुने त्यांनी जीव ओतून कापून दिले.

चौथ्या महिन्यात बोटं परत बधिर व्हायला लागली.



"आता कशाला उगाच सुया टोचून घेता ताई, घरी आराम करा," म्हणत वहिनीने त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि नमुन्यांच्या गठ्ठ्यासकट आपल्या बहिणीला दिली.