सुनेची शिलाई मशीन

पंचावन्न साली गेणूनं बायकोसाठी जुन्नरहून शिलाई मशीन आणली आणि महिन्याभरात ती रोजच बंद पडायला लागली. गेणूच्या आईला, बयाबाईंना संशय आला. जुन्नरच्या दुकानदारानं जुनी मशीन रंगवून गळ्यात मारली असणार, नाहीतर सूनच कामचुकार असणार.

त्यांच्या घरात सुनेनं दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती. पण गोठ्याशेजारच्या छपरीत मशीन खोलताना गेणूला चाक धरायला दुसरं माणूस लागायचं, म्हणून तेवढं बयाबाई चालवून घ्यायच्या. आज मात्र दुपार कलली तरी आतून ठोकाठोकीचा आवाज येईना. बयाबाईंनी कुडाच्या फटीला डोळा लावला.

मशीन झकास चालत होती. सून हसत हसत चोळी शिवत होती आणि गेणू तिला शेंगा सोलून देत होता. मग त्यानं पेचकस उचलला आणि घट्ट बसलेला इस्क्रू ढिला केला.

"उद्याची सोय झाली," तो म्हणाला.

बयाबाई तशाच आत शिरल्या. सून धडपडत उठली, गेणूच्या हातातला पेचकस खाली पडला.

बयाबाईंनी मागं वळून घराकडं कुणी बघत नाही ना याची खात्री केली आणि आवाज खाली आणला.



"रोज मशीनच बिघडली की संशव येतो, येड्या! तुझा बाप मधनंमधनं माझ्या जात्याचा खुंटा ढिला करायचा."