दिपालीचं ओझं

दिपालीनं सॅकमधून कुकर बाहेर काढला, तशी रचना मटकन खाली बसली.

"जंगलात कुकर?"

"भात मऊ लागतोय मला. कच्चा पोटाला सोसत न्हाय."

कुकरच्या मागून उशी आली. मग लोणच्याची बरणी. जांबोटीची घरं अजून पाठीमागं दिसत होती आणि दिपाली झाडाला टेकून पाय दाबत होती. पुढं कणकुंबीपर्यंतची जुनी पायवाट होती. डोंगर, ओढे, दाट रान आणि वाटेत दोन मुक्काम.

दिपालीनं डोळे मिटल्यावर रचनानं गुपचूप कुकर स्वतःच्या सॅकमध्ये कोंबला. बरणीही घेतली.

रचना बेळगावच्या शाळेत गणित शिकवायची. वर्षापूर्वी नवरा गेला आणि तिनं नोकरी सोडली. खासबागेतल्या घराच्या खिडक्या लावून घेतल्या. मग हळूहळू घर रिकामं करायला घेतलं. भांडी कामवालीला दिली, साड्या बहिणीला, तुळशीची कुंडीसुद्धा शेजारी नेऊन ठेवली. लोकांना वाटलं, बाई आवराआवर करतेय. कशाची ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

अशात एका सकाळी मारुतीराव दारात आले. दिपालीचे यजमान. दिपाली म्हणजे रचनाची कॉलेजपासूनची मैत्रीण, खानापूरकडच्या शेतकरी घरातली. मारुतीराव उंबऱ्यातच थांबले.

"वैनी, दिपालीचं काय खरं न्हाय. पुढची दिवाळी दिसायची न्हाय म्हणत्यात डॉक्टर. तिला ठावं न्हाय, कळू पण देऊ नका. तिचा आजा ज्या वाटेनं कणकुंबीला चालत जायचा, तेवढी वाट एकदा चालायची म्हणते. माझे गुडघे हे असे. आणि तुमच्याबिगर कुणासंगं जायची न्हाय म्हणून बसलीया."

त्यांनी टॉवेलनं तोंड झाकलं.

रचनानं रिकाम्या फडताळाकडं पाहिलं. आपलं काय, ते नंतरही होईल, असं तिनं ठरवलं.

आणि आता ती चालत होती. दिपाली दर चढाला बसायची. कधी बुटात खडा, कधी पोटऱ्यांत गोळा. एकदा तर आडवीच झाली आणि आभाळाकडं बघत म्हणाली, "मला इथंच सोड रचना. तू जा पुढं."

इतर कुणाला हसू आलं असतं. रचनाला नाही आलं. तिनं दिपालीची सॅक पोटावर अडकवली, स्वतःची पाठीवर होतीच, आणि हात पुढं केला. "ऊठ. मी आहे ना."

संध्याकाळी रानातल्या एका वाडीवर शालूबाईंच्या घरी मुक्काम पडला. शालूबाईंनी चुलीवरच्या भाकऱ्या वाढल्या. दिपालीनं भाकरीवर भाकरी हाणली आणि वर कुकर लावून भातही खाल्ला. रचना तिच्याकडं बघत राहिली. शेवटी शेवटी भूक वाढते, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. तिनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तू जेव की गं," दिपाली म्हणाली. "एकटीनं खायला मला गोड लागत न्हाय."

मग रचना जेवली. दिपालीसाठी म्हणून जेवली.

दुसऱ्या दिवशी वळणावर गवा उभा होता. काळाकभिन्न, वाटेच्या मधोमध. दिपाली जागीच थिजली. रचनानं काय केलं ते तिलाही नंतर नीट सांगता येईना. तिनं कुकरचं झाकण उपसलं, दिपालीच्या पुढं जाऊन उभी राहिली, झाकणावर दगड बडवत वर्गावर ओरडायची तशी ओरडली, "चल! हो बाजूला!"

गव्यानं तिच्याकडं पाहिलं, फुरफुरला आणि कारवीच्या झुडपांत शिरला.

रचना खाली बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. वर्षभरात तिला पहिल्यांदाच मरणाची भीती वाटली होती, आणि तीही दुसऱ्याच्या.

दिपालीनं तिला जवळ घेतलं. "रड," एवढंच म्हणाली.

त्यानंतर वाट चुकली. ओढ्यात पाय घसरून दोघी कमरेपर्यंत भिजल्या. उशी वाहून गेली, तिच्या मागं दिपाली शिव्या देत थोडी पळाली. रचनाला हसू फुटलं, आणि लगेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई पुढच्या वर्षी नसणार आणि आपण हसतोय.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या उतारावर दिपालीनं तिच्या खांद्यावर अंग टाकलं. रचना थांबली नाही. प्रत्येक पावलाला मनात म्हणत होती, अजून थोडं. हिला घरी पोचवू दे.

कणकुंबीला देवळापाशी मारुतीराव गाडी घेऊन उभे होते. दिपाली पायरीवर टेकली. रचनानं मारुतीरावांना बाजूला घेतलं.

"तिला काही बोलले नाही मी," ती म्हणाली. "आता रोज येत जाईन तुमच्याकडं. तिचं खाणं, फिरणं, सगळं मी बघते. पुढच्या महिन्यात तिला दुसरी वाट चालायची आहे म्हणे. नेईन मी. घाबरू नका मारुतीराव. ती असेपर्यंत मी आहे."

मारुतीरावांनी हात जोडले. रचना चहा सांगायला टपरीकडं गेली. तिची चाल भरभर पडत होती.

मारुतीराव पायरीपाशी आले.

"काय म्हणाली?" दिपालीनं विचारलं.

"तू असेपर्यंत ती हाय म्हणाली."

दिपालीनं ओढणीनं डोळे पुसले. "तुळस पण देऊन टाकली कळलं, तवाच मला धास्ती बसली हुती," ती म्हणाली. "मग मला आता म्हातारी होईस्तोवर आजारी राहायला लागतंय."

"ते व्हय गं," मारुतीराव टपरीकडं बघत खालच्या आवाजात म्हणाले, "पण उद्या वैनींनी रोगाचं नाव विचारलं, तर सांगू काय?"