साडूची खुर्ची

आमच्या सूतगिरणीच्या श्वास-तपासणीत माझ्या साडूची फुप्फुसं कमजोर निघाली आणि त्याला कापसाच्या धुळीतून उचलून गेटवर खुर्ची दिली. पगार तोच, वर डोक्यावर पंखा. तेव्हापासून बायको रोज ऐकवते, "आमचे भावोजी बघा, संध्याकाळी घरी येतात तरी शर्टाची इस्त्री मोडलेली नसते." माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होणार?

यंदा माझी पाळी आली तेव्हा मी ठरवूनच गेलो. छाती भरून श्वास घेतला आणि नळीत मुद्दाम मेल्यासारखी फुंकर मारली.

तपासणाऱ्या बाई हसल्या. "दादा, अर्धवट फुंकलेलं आलेखात लगेच दिसतं. साडूंसारखी खुर्ची हवीय ना? चला, आता पूर्ण जोर लावा."

चोरी पकडली गेली होती. मग मी खरोखर जीव तोडून फुंकलं. कानशिलं तापली, डोळ्यांत पाणी आलं. गेली खुर्ची, म्हणत मी नळी खाली ठेवली.



बाईंनी नवा आलेख दोनदा पाहिला आणि न हसता म्हणाल्या, "साडूंच्या शेजारी अजून एक खुर्ची ठेवायला सांगते."