पांढरा ठिपका

मेकॅनिकवर गाडीमालकाचा काडीचाही विश्वास नव्हता. रेसच्या गाडीचं इंजिन ऑइल थंड ठेवणारा महागडा कूलर त्याने बाहेरून मागवला होता, आणि असली माल ढापून नकली बसवणाऱ्यांचे किस्से त्याने ढिगाने ऐकले होते. म्हणून तो सकाळपासून गॅरेजात स्टूल टाकून पहारा देत बसला होता.

मेकॅनिकने कूलर बसवला, पाइपांचे चारही नट हाताने नुसते अडकवले आणि तो जेवायला गेला. लगेच याने बायकोची पांढरी नेलपॉलिश खिशातून काढून प्रत्येक नटावर बारीक ठिपका दिला. आता बदल म्हणावं!

जेवून आल्यावर मेकॅनिकने पाना उचलला, वाकून नट पाहिले, डोकं खाजवलं आणि पाना खाली ठेवला. चोराच्या मनात चांदणं, हा गालात हसला. इंजिन दोन मिनिटं चालवून पाहिलं, थेंबभरही गळलं नाही.

गाडी घेऊन निघाल्यावर हायवेवर त्याने वेग वाढवला आणि ऑइलचा लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर सगळीकडे तेलच तेल. एक नट तर बोटाने फिरत होता.

त्याने फोन लावला. "नट ढिले ठेवलेस ना? ओळखून होतो मी तुला!"

"शक्यच नाही, साहेब," मेकॅनिक म्हणाला. "पान्याने आवळल्याशिवाय मी नटावर पांढरा ठिपका देतच नाही. वीस वर्षांची सवय आहे. बघा बरं, चारही नटांवर आहे ना?"